नाकाच्या उंचीवर

मेघा : ...म्हणून मी स्वतःच आली, काका. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

कृष्णकांत : बसा आधी. वाईट बातमी असली की माणूस घरी येतो. चांगली असली की मोबाइलवर हात जोडलेलं चित्र येतं.

मेघा : वाईट नाही. चांगलीच आहे. इतकी चांगली, का माझाच विश्वास बसून नाही राहिला.

लतिका : आधी पाणी घ्या, मेघाताई. कामठीहून बेसापर्यंत म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला आलात. चहा टाकते.

मेघा : चहा मागून, काकू. तुम्ही पण बसा. तुमच्या पडवीत आम्ही हवा मोजायची जी मशीन लावली, तिचे सगळे आकडे मी काल पाह्यले. बेसात जितक्या घरी मशिनी लावल्या, त्यात सगळ्यात साफ हवा तुमच्या घरची निघाली.

लतिका : देवाची कृपा.

कृष्णकांत : कसली कृपा? कुंपणापलीकडे काँक्रीटचा प्लांट आहे. दिवसा शहरात ट्रकना बंदी, म्हणून तो रात्रभर चालतो. सिमेंट, राख, जनरेटरचा धूर, सगळं आमच्याच अंगावर. रात्री उठून बसतो मी. आणि हवा साफ? मग मी काय हौस म्हणून खोकून राहिलो?

लतिका : अहो, सावकाश. दम लागेल.

कृष्णकांत : लागू दे. मेघाताई, सोमवारी सुनावणी आहे. प्लांटची परवानगी आणखी पाच वर्षं वाढवायची की नाही, ते ठरणार. आमच्या लेआउटचे, म्हणजे या वसाहतीतले लोक मागे परवानगी देणाऱ्या साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, खोकला हा पुरावा होत नाही, आकडे आणा. म्हणून तुमच्या संस्थेला हात जोडले. आता तुमचेच आकडे म्हणतात, सगळं छान आहे.

मेघा : माहीत आहे, काका.

कृष्णकांत : अर्धंच माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, पुढचा हिवाळा या हवेत काढायचा नाही. म्हणजे प्लांट राहिला तर मी जाणार. आमच्या उन्मेषने मिहानकडे फ्लॅट बघूनही ठेवला. सातवा मजला. म्हणतो, बाबा, वर हवा चांगली असते. अरे, या घराच्या भिंतींना मी पाणी मारलंय. रोज ऑफिसला जायच्या आधी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. मी सातव्या मजल्यावर जाऊन काय करू? कबुतरं मोजू?

लतिका : कबुतरं तरी होतील सोबतीला.

कृष्णकांत : बघा. हिचं मन तिकडे पोचलंही.

लतिका : माझं मन तुमच्या छातीत अडकलंय. ती मोकळी राहील तिथे मी येईन.

मेघा : काकू, मले एक गोष्ट समजून नाही राहिली. हे पाहा, लॅपटॉपवर. ही रेघ म्हणजे तुमच्या पडवीतली हवा. रेघ वर गेली का धूळ-धूर जास्त, खाली आली का कमी. सकाळी वर आहे. दुपारी ऊन तापलं का थोडी खाली. संध्याकाळी चूल, गाड्या, कचरा, म्हणून पुन्हा चढते. इथवर बरोबर. आता पाहा.

कृष्णकांत : एकदम पडली की ही.

मेघा : कापल्यासारखी पडते. आणि पहाटेपर्यंत पडूनच. मग पुन्हा एकदम उभी. रोज अशी. तिकडच्या गल्लीतल्या घरी उलटं आहे. थंडीत हवा जड होऊन खाली बसते, प्लांट चालू होते, मग रात्रीच रेघ सगळ्यात वर. एका गल्लीच्या फरकानं असं होत नाही. मले वाटलं, मशीन बिघडली. रात्री कोणी बटन बंद करते का?

लतिका : छे, बाई. तो हिरवा दिवा मी कधी विझू दिला नाही. समईसारखा सांभाळला. परवा लाइट गेली तर उन्मेषला उठवून इन्व्हर्टरवर लावायला लावलं.

कृष्णकांत : हे खरं आहे. माझं वाफेचं यंत्र बंद राहिलं होतं, ते मात्र चालू.

मेघा : कोणी पाणी शिंपडते? जागा बदलते?

लतिका : तुम्हीच सांगून गेलात ना, पाण्याला जपा, हलवू नका, लहान मुलांना हात लावू देऊ नका. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

मेघा : मी फोन केला होता मधे दोनदा. सकाळचा.

कृष्णकांत : तो मी घेतला. पूजा होईपर्यंत हिचं मौन असतं. मी सांगितलं, मशीन मजेत आहे, आमची मंडळी त्याला पोटच्या पोरासारखं बघून राहिली.

मेघा : हो. मी हसली होती ते ऐकून. काकू, रोज संध्याकाळी तुम्ही काय काय करता, ते सांगता? अगदी ओळीनं. मले काही चुकीचं शोधायचं नाही. समजून घ्यायचं आहे.

लतिका : माझं काय असणार? दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा. मग देवघरात धूप, रामरक्षा. यांचं पथ्याचं जेवण. मग शेजारती. बाळकृष्णाला दूध दाखवायचं, पाळण्यात निजवायचं. मार्गशीर्ष लागला की थंडी, म्हणून त्याला कापसाची दुलई. मग पडवीत जाऊन याला दुलई घालायची आणि मी आपली जपाला बसते.

मेघा : याले म्हणजे... काकांना?

कृष्णकांत : मला कुठली? मला ते जुनं ब्लँकेट. बाळकृष्णाला दुलई, त्या मशीनला दुलई.

मेघा : मशीनले.

लतिका : हो ना. रात्रभर गारठ्यात बाहेर. आत तो एवढासा पंखा घरघर करतो, ऐकलंय मी कान लावून. आमच्यासाठी ती सगळी घाण ओढत बसायचं, आणि आपण आत उबेला. बरं वाटेना. म्हणून बाळकृष्णाच्या दुलईचं कापड उरलं होतं, त्यातच कापूस भरून शिवली. चांगली अंगासरशी बसते. काकड आरती झाली की काढते. दव पडतं हो पहाटे.

(मेघा उठून पडवीत जाते. परत येते तेव्हा तिच्या हातात लाल काठाची छोटीशी दुलई असते.)

मेघा : टाके किती बारीक आहेत, काकू.

लतिका : मेघाताई, तुम्ही अशा का बोलताय?

मेघा : मशीन नाकानं हवा ओढते. तिचं नाक खाली आहे, ही जाळी. दुलई ते पूर्ण झाकते.

लतिका : म्हणजे रात्रभर...

मेघा : रात्रभर ती दुलईच्या आतलीच, कापसातून गाळलेली हवा मोजून राहिली होती.

लतिका : अगं आई.

कृष्णकांत : लतिका, खाली बस. अगं, बस.

लतिका : यांचा श्वास कोंडू नये म्हणून जे आणलं, त्याचाच श्वास मी कोंडला. एवढं कसं सुचलं नाही मला? आणि सोमवार तर परवावर आला. आता ते लोक हाच कागद दाखवतील. म्हणतील, यांच्याच घरचं माप, यांच्याच घरची हवा साफ.

मेघा : काकू, इकडे पाहा माझ्याकडे. चूक माझी आहे. मी तुम्हाले सांगतलं पाण्यापासून जपा, पोरांपासून जपा. झाकू नका, हे सांगतलंच नाही. माझ्या डोक्यातच नाही आलं का कोणी मशीनले थंडी वाजेल असा विचार करेल.

कृष्णकांत : ते कोणाच्याच डोक्यात आलं नसतं. बरं, आता शांतपणे बघू. नोकरीत सगळं निभावलंय आपण. मेघाताई, दिवसाचे आकडे तर खरे आहेत ना?

मेघा : खरे.

कृष्णकांत : आणि पलीकडच्या गल्लीतले रात्रीचे आहेत. मग आमच्या रात्री तिकडच्या रात्री भरून टाका. हवा काय गल्ली बघून वाहते? आमच्या पाटबंधाऱ्यात धोंडबा म्हणून होता. पाऊस मोजायचं काम. तो कधी छत्री घेऊन बाहेर पडला नाही. खिडकीतून बघायचा आणि लिहायचा. एकाही साहेबाने नावं ठेवली नाहीत.

मेघा : आणि पूर आला का?

कृष्णकांत : पूर आला तेव्हा त्याची बदली झालेली होती.

मेघा : काका, मी नाही भरणार. कोरी जागा कोरीच ठेवीन.

कृष्णकांत : मी खोटं लिहा म्हणत नाही. खरं आहे तेच लिहा, फक्त शेजारून उसनं घेऊन.

मेघा : प्लांटवाल्यांचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल, आणि एक आकडा उसना निघाला का बाकीचे सगळे खोटे ठरतील. पण त्याच्यासाठी नाही म्हणून राहिली मी. माही आई कामठीत पॉवरलूमवर होती. भीमाबाई. तुटलेला धागा जोडायचं काम. मागावर वाकायचं, डोळ्यांजवळ धागा धरायचा. तिथं कापसाची भुकटी उडते, तुम्ही पाह्यली असेल, भुरभुर. दिसते ती तरी नाकात अडकते. बारीक असते ती दिसत नाही, अडकत नाही. छातीच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथून रक्तात.

लतिका : आईंना त्रास होता?

मेघा : खोकला होता. बायांनी तक्रार केली, म्हणून एकदा तपासायला लोक आले. त्या दिवशी मालकानं शेड झाडून घेतलं. माग थोडा वेळ बंद ठेवले. मशीन मांडली दाराजवळ, स्टुलावर. दारातून वारा. आकडा चांगला आला. सगळ्यांनी हात मिळवले, चहा झाला. आई घरी येऊन म्हणे, काय वं मेघा, त्यायची मशीन म्हणते माही छाती साफ आहे.

कृष्णकांत : मग?

मेघा : मग काही नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. आता घरी असते. बोलणं कमी केलं, दम पुरत नाही. पुढं मी हेच शिकली, तेव्हा कळलं का त्या दिवशी कोणी खोटं बोललं नव्हतं. दाराजवळची हवा खरंच चांगली होती. फक्त दाराजवळ कोणी श्वास घेत नव्हतं.

लतिका : तुमच्या आईंना माहीत आहे, तुम्ही काय काम करता ते?

मेघा : ती सांगते लोकांना, माही पोरगी नाकाजवळ जाऊन मोजते म्हणून. बाकी पदवी-बिदवी तिले नीट सांगता येत नाही.

लतिका : याहून नीट काय सांगायचं असतं?

कृष्णकांत : बरं, मग सोमवारचं काय?

मेघा : मी येणार. उभी राहून सांगणार, का रात्रीचं माप झालं नाही, आणि ती चूक बसवणारीची आहे. मुदत मागणार.

लतिका : तुमचे साहेब रागावतील.

मेघा : रागावतील. मागून समजतील. आणि नाही समजले तरी, काकू, मी तिथं बसून असं कसं म्हणू का तुमची हवा चांगली आहे? काकांचा खोकला समोरच बसलेला असणार.

कृष्णकांत : आणि मुदत नाही दिली तर?

मेघा : तर परवानगी वाढू शकते. मी खोटा धीर नाही देणार. पण नवीन माप हाती आलं का पुन्हा दार वाजवू. या वेळी मले दुसऱ्या पद्धतीनं मोजायचं आहे. पडवीत मशीन लावली तीच मुळात अर्धी चूक होती. काका पडवीत झोपत नाहीत. आणि चोवीस तासांची सरासरी काढली, तर दुपारची चांगली हवा रात्रीच्या वाईट हवेत मिसळून आकडा गोड दिसते. काका दुपारची हवा राखून ठेवून रात्री थोडीच घेतात? म्हणून रात्र वेगळी काढायची. एक लहान मशीन काकांच्या गळ्यात, नाकाच्या जवळ, आंघोळ सोडून पूर्ण वेळ. दुसरी झोपायच्या खोलीत.

कृष्णकांत : गळ्यात? म्हणजे भाजी आणायला जाईन तेव्हाही?

मेघा : तेव्हा तर पाहिजेच.

कृष्णकांत : लोक विचारतील, काका, कुठलं पदक मिळालं.

लतिका : सांगा, नवसाचं आहे म्हणून. मेघाताई, मी एक विचारू? आठवडाभर मी धूप लावणार नाही. फक्त तुपाचं निरांजन. देव समजून घेईल. म्हणजे मापात आमच्या घरचा धूर नको यायला.

मेघा : नको, काकू. धूप लावा. जसा रोज लावता तसाच, तितकाच. फोडणी पण तशीच द्या. मापासाठी घर झाडलं, तर पुन्हा दाराजवळचं स्टूलच झालं ते.

लतिका : पण मग त्यात माझा धूप निघाला तर? यांच्या छातीत जे जातं, त्यातलं जास्त माझ्याच हातचं आहे, असं निघालं तर?

मेघा : निघू शकते.

कृष्णकांत : काही निघत नाही. इतकी वर्षं लावते ती. देवघराच्या धुराने कोणाला काही होत नसतं.

मेघा : काका, कण देवघरातला आहे का ट्रकमधला, हे फुप्फुसाले कळत नाही. किती आहे, किती वेळ आहे, तेवढंच त्याले कळते. मले वाटते, रात्रीचा भार प्लांटचाच असेल. पण वाटते म्हणून मी लिहीत नाही.

कृष्णकांत : देवघरात मशीन लावायची नाही. हिला वाईट वाटेल असं माप मला नको. गेलो तर जाऊ सातव्या मजल्यावर.

लतिका : अहो, थांबा जरा. मला बोलू द्या.

कृष्णकांत : बोल.

लतिका : मी रोज देवापुढे बसून म्हणते, यांना श्वास दे. आणि त्याच वेळी हातात काय आहे ते बघायचं नाही म्हणते. हे काही खरं मागणं नाही. ही मुलगी परवा चार लोकांत उभी राहून माझी चूक स्वतःच्या अंगावर घेणार आहे. आणि मी देवघराचं दार लोटून बसू? मेघाताई, तिसरी मशीन आहे का तुमच्याकडे?

मेघा : गाडीच्या डिकीत आहे.

लतिका : ती देवघरात लावा. मी बसते तिथेच. पाटावर बसल्यावर नाक जिथे येतं, तिथे.

मेघा : मी लावू आत येऊन? का तुम्हाले दाखवून देऊ, तुम्ही लावता? तुमचं सोवळं असते, म्हणून विचारलं.

लतिका : सोवळं माझं आहे, ते मी सांभाळीन. तू आत ये. तुझ्या हातानेच बरोबर लागेल ते.

कृष्णकांत : लतिका...

लतिका : तुम्ही औषध ओढून घ्या बघू. वेळ झाली. आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवा. जमतं तुम्हाला.

कृष्णकांत : जातो. दोघी एक झालात, आता माझं काय चालणार? मेघाताई, साखर?

मेघा : कमी, काका.

लतिका : गेले. आता सांग. धूप जास्त निघाला, तर सोडू का मी?

मेघा : ते मी कशी सांगू, काकू? मी फक्त किती आहे ते सांगू शकते. खिडकी उघडून लावला तर काय, अंगणात तुळशीपाशी लावला तर काय, तेही मोजून देईन. एक-एक दिवस बदलून पाहू. ठरवायचं तुम्ही.

लतिका : तुळशीपाशी. हं. देवाला काय, तो अंगणातही असतोच. माझ्या आईने घेतलेला नेम होता तो, तिच्यामागे मी घेतला. पण नेम घेताना आपण देवाला काय म्हणतो? घरात सगळ्यांना बरं ठेव, असंच म्हणतो ना? मग नेम त्यासाठी, की ते नेमासाठी?

मेघा : काकू, हे मी आईले सांगीन घरी गेल्यावर.

लतिका : सांग. आणि त्यांना एकदा घेऊन ये इकडे. पण हिवाळा सरल्यावर. आत्ता नको या हवेत.

मेघा : आणीन. आता झोपायची खोली दाखवा. पलंगाजवळ कुठं लावायचं, ते ठरवू. काका कोणत्या उशीवर झोपतात?

लतिका : भिंतीकडच्या.

मेघा : मग मशीन भिंतीकडे टांगू. डोक्याजवळ.

लतिका : नको, तिथे नको. झोपतात तिथे, पण रात्री तिथे नसतात.

मेघा : म्हणजे? कुठं असतात?

लतिका : खिडकीशी, प्लांटकडच्या. दम लागला की उठतात, दिवा न लावता. मी जागीच असते, पण हाक मारत नाही. त्यांना वाटतं मला झोप लागली आहे. एक झडप उघडून तिथे तोंड लावून बसतात, पहाट होईपर्यंत. त्यांना वाटतं, हवा तिकडे आहे.